बिनतारी जोडणीतील दोष कसा शोधावा
(मीरा-भाईंदर परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेच्या दप्तरात पूर्वी हजेरीपट, जनरल रजिस्टर, जमाखर्चाची वही व शेरेबुक एवढी साधने असत. आता त्यांच्या जोडीला लॅपटॉप आला आहे. यूडायस प्लसमध्ये शाळेची व विद्यार्थ्यांची माहिती भरावयाची, शिष्यवृत्तीचे अर्ज पाठवावयाचे, दीक्षावरील एखादा पाठ वर्गाला दाखवावयाचा, ही कामे इंटरनेटवाचून होत नाहीत. आणि पुष्कळदा असे घडते की, माहिती भरण्याच्या अखेरच्या दिवशीच लॅपटॉपची बिनतारी जोडणी बंद पडते.

अशा वेळी सर्वत्र एकच सल्ला मिळतो : 'सगळे पुसून नव्याने बसवा.' सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण छपराचे एक कौल गळते म्हणून सारे घर उतरविण्यासारखा हा प्रकार आहे. लॅपटॉप पुसला की त्याबरोबर विद्यार्थ्यांच्या याद्या, गुणपत्रके, दाखल्यांच्या प्रती व वर्षभर जमविलेले पाठ नाहीसे होतात. एखाद्या मुलाच्या जन्मतारखेची वा जातीच्या दाखल्याची नोंद पुन्हा मिळविण्यासाठी त्याच्या आईबापांना रोजगार बुडवून हेलपाटे घालावे लागतात. म्हणून जोडणी तुटली तर करावे काय, हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. तो शाळेच्या विश्वासाचा आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात सांगता येते : दोष आधी शोधावा, उपाय मागून करावा, आणि शोध नेहमी जवळून दूर असा क्रमाने न्यावा.

प्रथम लिनक्सविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने या प्रणालीचा गाभा लिहिण्यास आरंभ केला व तो जगापुढे खुला ठेवला. पुढे हजारो जाणकारांनी त्यात भर घातली. उबुंटू, मिंट, डेबियन ही त्या एकाच गाभ्यावर रचलेली निरनिराळी संकलने होत. आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही प्रणालीही याच कुळातील आहे. लिनक्ससाठी परवान्याची किंमत मोजावी लागत नाही व तिची हलकी संकलने जुन्या यंत्रावरही समाधानकारक चालतात. या दोन गुणांमुळे मोजक्या निधीवर चालणाऱ्या शाळांना ती सोयीची वाटते.

मग बिनतारी जोडणीच्या बाबतीतच ती का अडते? लॅपटॉपमध्ये बिनतारी लहरी पाठविणारे व घेणारे एक लहानसे कार्ड असते. त्याला कामास लावण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे ड्रायव्हर. हा लिनक्स व कार्ड यांच्यामधील दुभाष्या होय. दुसरी गोष्ट फर्मवेअर. म्हणजे प्रत्यक्ष कार्डात भरावयाचा त्याचा स्वतःचा छोटा कार्यक्रम. ड्रायव्हर बहुधा लिनक्सच्या गाभ्यातच असतो. फर्मवेअर मात्र कार्ड बनविणाऱ्या कंपनीच्या मालकीचे असते व त्याचा मूळ मजकूर खुला नसतो. त्यामुळे मुक्ततेचे तत्त्व कसोशीने पाळणारी संकलने ते आपल्या मूळ संचात ठेवीत नसत. ब्रॉडकॉम कंपनीच्या जुन्या कार्डांनी या कारणाने अनेकांना वर्षानुवर्षे शिणविले; त्या कंपनीने २०१० मध्ये आपल्या नव्या कार्डांपैकी काहींचा ड्रायव्हर खुला केला. डेबियनच्या सभासदांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन असे फर्मवेअर बसविण्याच्या संचातच देण्याचे ठरविले आणि २०२३ मध्ये निघालेल्या बाराव्या आवृत्तीपासून ते अंमलात आले. तात्पर्य, जुन्या संचावरून लिनक्स बसविलेल्या लॅपटॉपला जोडणी मिळाली नाही, तर कार्ड बिघडले असे लगेच समजू नये. त्याला त्याचा कार्यक्रमच मिळालेला नसण्याचा संभव असतो.

आता लहरींकडे वळू. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याच्या लहरींची लांबी काही शे मीटर होती. अशा लांब लहरी घरेदारे ओलांडून दूरवर जातात. लॅपटॉपच्या लहरी त्यामानाने अगदीच आखूड. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची व ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहर सुमारे सहा सेंटिमीटर लांबीची असते. पत्र्याची भिंत, लोखंडी कपाट, सळयांचे काँक्रीट व पाण्याची टाकी यांच्यापुढे या लहरी दुबळ्या ठरतात. त्यांतही ५ गिगाहर्ट्झची लहर वेगाने मजकूर नेते, पण भिंतीआड लवकर क्षीण होते, २.४ गिगाहर्ट्झची लहर सावकाश चालते, पण थोडी अधिक दूर पोहोचते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अल्पशक्तीची उपकरणे वापरण्यास भारत सरकारने २००५ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली. त्यामुळे घरोघरी राउटर बसविणे सोपे झाले. परंतु त्याबरोबर या पट्ट्यात गर्दीही झाली.

ही गर्दी म्हणजे काय, हे मीरा-भाईंदरच्या परिसरात उत्तम समजते. १९८५ मध्ये येथील ग्रामपंचायती एकत्र होऊन नगरपरिषद स्थापन झाली व २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या आठ लाखांवर गेलेली होती. मीरा रोडच्या बाजूस इमारतीला इमारत लागून उभी आहे. एका वर्गखोलीत बसून पाहिले तरी शेजारपाजारच्या अनेक राउटरांची नावे पडद्यावर दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहिन्या तेरा असल्या, तरी त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. परस्परांना न अडविणाऱ्या अशा १, ६ व ११ या तीनच. सारे शेजारी एकाच वाहिनीवर असले, तर जोडणी असूनही काम रखडते. येथे राउटरची वाहिनी बदलणे किंवा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरणे हा उपाय होय. उलट उत्तन, पाली, डोंगरी ही समुद्राकाठची गावे किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याची चेणे, वर्सावे ही वस्ती घेतली, तर तेथे शेजारच्या राउटरांचा उपद्रव कमी. पण डोंगराच्या आडोशामुळे मोबाइल मनोऱ्याची लहरच अशक्त होऊन पोहोचण्याचा संभव अधिक. समुद्राच्या खाऱ्या हवेत धातूचे सांधे लवकर गंजतात, हेही तेथे ध्यानात ठेवावे लागते. एकाच तालुक्यात, काही किलोमीटरांच्या अंतरावर, लक्षण एकच आणि कारणे मात्र भिन्न असतात. म्हणून दुसऱ्या शाळेत लागू पडलेला उपाय आपल्या शाळेत डोळे मिटून करू नये.

यापुढे शोधाचा क्रम सांगावयाचा आहे. लॅपटॉपपासून इंटरनेटपर्यंतची वाट ही एक साखळी आहे. तिच्या प्रत्येक कडीला एकेक प्रश्न विचारावयाचा व उत्तर मिळाल्यावाचून पुढे जावयाचे नाही.

पहिला प्रश्न : दोष लॅपटॉपचा आहे काय? त्याच जागी, त्याच राउटरला मोबाइल जोडून पाहावा. मोबाइलचा स्वतःचा डेटा त्या वेळी बंद ठेवावा. मोबाइललाही इंटरनेट मिळत नसेल, तर लॅपटॉपला हात लावू नये. राउटर अर्धा मिनिट बंद करून पुन्हा सुरू करावा व तेवढ्याने न भागल्यास सेवा पुरविणाऱ्याकडे तक्रार नोंदवावी. या एका परीक्षेने पुष्कळ निरर्थक खटाटोप वाचतो.

दुसरा प्रश्न : बिनतारी कार्ड सुरू आहे काय? अनेक लॅपटॉपांवर वरच्या ओळीतील एका कळीवर मनोऱ्याचे किंवा विमानाचे चित्र असते. ती नकळत दाबली गेली की कार्ड झोपी जाते. काही जुन्या लॅपटॉपांच्या कडेला यासाठी सरकते बटण असते. याची खात्री करण्यासाठी टर्मिनल उघडून आर, एफ, के, आय, एल, एल अशी सहा अक्षरे जोडून लिहावीत, एक जागा सोडून 'लिस्ट' हा शब्द इंग्रजीत लिहावा व एंटर कळ दाबावी. उत्तरात 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'येस' आले, तर कार्ड आज्ञेने बंद केलेले आहे. 'लिस्ट' च्या जागी 'अनब्लॉक वायफाय' असे लिहिले की ते उघडते. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'येस' आले, तर ते बटणाने बंद आहे. तेथे आज्ञा चालत नाही, बटणच शोधावे लागते.

तिसरा प्रश्न : लिनक्सला कार्ड दिसते काय व त्याला ड्रायव्हर मिळाला आहे काय? यासाठी एल, एस, पी, सी, आय ही पाच अक्षरे, एक रिकामी जागा, नंतर आडवी रेघ व तिला जोडून के हे अक्षर, अशी आज्ञा आहे. उत्तराच्या लांब यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' असा उल्लेख शोधावा. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असेल, तर दुभाष्या हजर आहे. ती नसेल, तर ड्रायव्हर जडलेला नाही. ओळ असूनही कार्ड हलत नसेल, तर फर्मवेअर कमी असण्याचा संभव राहतो. त्यासाठी 'सुडो' हा शब्द व त्यापुढे डी, एम, ई, एस, जी ही अक्षरे लिहून येणाऱ्या मजकुरात 'फर्मवेअर' या शब्दाजवळ काय म्हटले आहे ते वाचावे. बसविण्याचे सामान आणावयास इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेटच नाही, अशी येथे कोंडी होते. ती मोबाइलने फुटते. मोबाइल चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडून त्यातील 'यूएसबी टेदरिंग' सुरू केले की लॅपटॉपला तारेवाटे इंटरनेट मिळते. मग उबुंटूतील 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' किंवा मिंटमधील 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून सुचविलेला ड्रायव्हर बसवावा. तो बसूनही चालत नसेल, तर 'सिक्युअर बूट' या संरक्षणाने त्याला अडविले आहे काय, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

एकाच लॅपटॉपवर विंडोज व लिनक्स दोन्ही असतील, तर आणखी एक गोष्ट पाहावी. 'फास्ट स्टार्टअप' या सोयीमुळे विंडोज पुरती बंद होत नाही व कधी कधी कार्ड आपल्याच कबजात धरून ठेवते. विंडोजमध्ये जाऊन 'शटडाउन' ऐवजी 'रीस्टार्ट' करून लिनक्समध्ये यावे. जोडणी परत आली, तर कारण सापडले.

चौथा प्रश्न : राउटरचे नाव यादीत दिसते काय? इतरांची नावे दिसतात व आपलेच दिसत नाही, असे असेल तर बहुधा राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर चालत आहे व जुन्या कार्डाला तो पट्टा कळत नाही. राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाही सुरू करावा. कोणतेच नाव दिसत नसेल, तर दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाकडे परत जावे.

पाचवा प्रश्न : संकेतशब्द बरोबर जातो काय? मराठी शाळांत येथे एक खास अडचण येते. मराठी टंकलेखनासाठी कळफलक देवनागरीवर ठेवलेला असतो. त्याच स्थितीत संकेतशब्द लिहिला जातो व ठिपक्यांआड ती चूक दिसत नाही. संकेतशब्द उघडा दाखविण्याची खूण दाबून तो वाचून पाहावा. राउटरचा संकेतशब्द कोणी बदलला असेल, तर लॅपटॉप जुनाच पाठवीत राहतो. अशा वेळी साठविलेली जोडणी विसरण्यास सांगून ती नव्याने करावी. राउटर नवा व कार्ड फार जुने असेल, तर राउटरवर केवळ 'डब्ल्यूपीए ३' ही नवी सुरक्षापद्धत ठेवलेली असू शकते; तेथे 'डब्ल्यूपीए २' ची सोयही ठेवावी लागते.

सहावा प्रश्न : लॅपटॉपला पत्ता मिळाला काय? जोडणी झाल्यावर राउटर प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता देतो. घरगुती राउटरचा पत्ता पुष्कळदा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो. जोडणीच्या माहितीत १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरने पत्ता दिलेला नाही असे समजावे. राउटर बंद करून सुरू केला की हे बहुधा सुटते.

सातवा प्रश्न : वाट नेमकी कोठे तुटते? 'पिंग' ही आज्ञा म्हणजे साद घालण्याचा प्रकार आहे. प्रथम राउटरच्या पत्त्याला साद घालावी; उत्तर आले तर राउटरपर्यंतची बिनतारी वाट शाबूत आहे. मग ८.८.८.८ या सार्वजनिक पत्त्याला साद घालावी. उत्तर आले तर बाहेरचा रस्ताही मोकळा आहे. तरीही संकेतस्थळ नावाने उघडत नसेल, तर नावावरून अंकी पत्ता सांगणारी सेवा, म्हणजे डीएनएस, अडली आहे. जोडणीच्या मांडणीत डीएनएसच्या जागी ८.८.८.८ लिहावे व जोडणी तोडून पुन्हा करावी. साद थांबविण्यासाठी कंट्रोल व सी या कळी एकत्र दाबाव्यात.

आठवा प्रश्न सर्वांत साधा, आणि म्हणूनच सर्वांत अधिक विसरला जाणारा : लॅपटॉपची तारीख बरोबर आहे काय? जुन्या लॅपटॉपातील नाण्याएवढा सेल संपला की यंत्राचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. संकेतस्थळाच्या ओळखपत्राला मुदत असते. लॅपटॉपच्या लेखी ती मुदत सुरूच झालेली नसते, म्हणून तो 'जोडणी सुरक्षित नाही' असे सांगून पान नाकारतो. तारीख दुरुस्त केली की पान उघडते. सेल बदलून घेतला नाही, तर दोष पुन्हा येतो.

हा क्रम प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहावे. समजा, खाडीकाठच्या एका शाळेत लॅपटॉप जोडलेला दिसतो, पण अर्जाचे पान उघडत नाही. मोबाइलवर तेच पान उघडते. म्हणजे राउटर निर्दोष. जोडणी झालेली आहे. म्हणजे कार्ड, ड्रायव्हर, संकेतशब्द हे सर्व ठीक. पत्ता मिळालेला आहे. ८.८.८.८ कडून उत्तर येते. नावाने घातलेल्या सादेलाही उत्तर येते. सात कड्या शाबूत निघाल्या, उरली एक. कोपऱ्यातील घड्याळ पाहावे तो वर्ष २०१५! दहा मिनिटांत दोष हाती लागला. याच लॅपटॉपवर 'सगळे पुसून नव्याने बसवा' हा उपाय केला असता, तर दप्तर गेले असते आणि सेल मात्र तसाच मृत राहिला असता.

काही वेळा जोडणी पूर्ण तुटत नाही. ती येते व जाते. अशा वेळी लॅपटॉप राउटरजवळ नेऊन बसावे. जवळ ती टिकली, तर दोष अंतराचा वा आडोशाचा आहे. राउटर लोखंडी कपाटावरून काढून उंच व मोकळ्या जागी ठेवावा. जवळही ती टिकली नाही, तर वीज वाचविण्यासाठी कार्डाला मधून मधून झोपविण्याची सोय बंद करवून पाहावी. कार्ड खरोखरच निकामी ठरले, तरी लॅपटॉप टाकून देण्याचे कारण नाही. यूएसबीत बसणारे लहान बिनतारी उपकरण घेता येते. ते घेण्यापूर्वी त्याची चिप लिनक्सला चालते याची खात्री मात्र करून घ्यावी.

चार पथ्ये नित्य पाळावीत. पहिले, कोणताही उपाय करण्यापूर्वी शाळेच्या कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. दुसरे, एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही. तिसरे, 'सुडो' ने सुरू होणारी आज्ञा यंत्राला सर्वाधिकार देते; अर्थ समजल्यावाचून कोणाचीही अशी आज्ञा लिहू नये. चौथे, पुसून बसविण्याचा विचार मनात आलाच, तर आधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप न बसविता चालवून पाहावा. तेथे जोडणी मिळाली तर कार्ड निरोगी आहे व दोष केवळ मांडणीत आहे, असे निश्चित होते.

याखेरीज शाळेत एक दोषवही ठेवावी. तीत तारीख, लक्षण, पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा, केलेला बदल व त्याचा परिणाम, एवढे पाच रकाने असावेत. बदली होऊन नवे शिक्षक आले, तर या वहीमुळे त्यांना आरंभापासून चाचपडावे लागणार नाही. केंद्रसंमेलनात अशा वह्या एकत्र वाचल्या गेल्या, तर एका शाळेचा अनुभव दहा शाळांच्या उपयोगी पडेल. केरळमध्ये सरकारी शाळांतून मुक्त प्रणालीचा वापर रुजला, तो शिक्षकांनाच प्रशिक्षण देऊन व त्यांच्याकडून इतर शिक्षकांना शिकवून. तेथील 'आयटी ॲट स्कूल' या प्रकल्पाचे २०१७ मध्ये 'काइट' या संस्थेत रूपांतर झाले.

अखेरची गोष्ट वर्गाविषयी. पाचवी ते सातवीच्या मुलांसमोर हा शोध करावा. मोबाइलवर चालते व लॅपटॉपवर चालत नाही, यावरून काय निष्पन्न होते, हे त्यांना विचारावे. विज्ञानाच्या पुस्तकातील निरीक्षण, अनुमान व पडताळा हे शब्द त्यांना तेव्हा डोळ्यांसमोर दिसतील. गुरुजी अंदाजाने कळी दाबीत नाहीत, ते प्रश्न विचारतात व उत्तराची वाट पाहतात, हे ज्या मुलाने एकदा पाहिले, ते मूल घरचा बंद पडलेला पंप किंवा न पेटणारा दिवा यांच्याकडेही त्याच दृष्टीने पाहू लागेल. दोष सापडला, तर त्या दिवशी अर्ज वेळेवर जाईल. सापडला नाही, तरी आठांपैकी कोणत्या कड्या शाबूत आहेत हे दोषवहीत लिहिलेले असेल, आणि दुरुस्तीस येणाऱ्या माणसाला नेमके तेथूनच पुढे काम करता येईल.